रक्तदाबाची गोळी आणि पुरुषाचे मौन

१९५४ मध्ये पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा प्रतिजैविकांचा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढच्या दशकात टेल्को आली, आकुर्डीला बजाजची स्कूटर तयार होऊ लागली. १९९९ मध्ये बजाजने आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनने चाकणला कारखाने सुरू केले. सातारा, सोलापूर, नगर, मराठवाडा, विदर्भ अशा चारही दिशांनी आलेल्या तरुणांनी या पट्ट्यात तीन पाळ्यांमध्ये आपले उमेदीचे आयुष्य घालवले. त्यांतील पहिल्या पिढ्या आता निवृत्त झाल्या आहेत. निगडी-प्राधिकरणात, चिंचवडगावात, भोसरीत किंवा चाकणच्या नव्या वसाहतींत सकाळच्या चहानंतर घरातील ज्येष्ठ पुरुष जी लहानशी गोळी घेतात, ती बऱ्याचदा रक्तदाबाची असते. यात आश्चर्य नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले होते.

या गोळीविषयी घरात बरेच बोलले जाते. ती संपली का, वेळेवर घेतली का, लोणचे-पापड कमी केले का, पाय सुजले का, चक्कर येते का, याची विचारपूस होते. एका गोष्टीविषयी मात्र कोणी विचारत नाही आणि ज्याला ती जाणवते तो सांगत नाही. काही पुरुषांना गोळी सुरू झाल्यानंतर शरीरसंबंधात अडचण जाणवू लागते. इच्छा कमी होते, इंद्रियाला ताठरता येत नाही किंवा आलेली टिकत नाही. या वयात असले दुखणे सांगायचे कोणाला, या संकोचाने पुरुष गप्प राहतो आणि पुष्कळदा स्वतःच उपाय करतो. आधी एखाद्या दिवसाची गोळी चुकते, मग ती एक दिवसाआड होते, मग बंद होते. रक्तदाब वाढला तरी बहुधा दुखत नाही, म्हणून काही बिघडले आहे असे त्याला वाटत नाही. बिघडल्याचे कळते ते अर्धांगवायूचा झटका आल्यावर, हृदयविकाराने किंवा मूत्रपिंडाच्या अहवालातून.

या लेखात सांगायचे आहे ते एवढेच, की ही तक्रार खरी आहे, लाजेची नाही आणि बहुतेक वेळा तिच्यावर उपाय आहे. परंतु मुकाट्याने गोळी थांबवणे हा तो उपाय नव्हे.

ताठरता येते कशी?

पुरुषाच्या इंद्रियात स्पंजासारख्या मऊ पेशीजालाचे दोन लांबट स्तंभ असतात. इच्छा मनात जागी झाली, की मेंदूकडून निघालेले संदेश मज्जातंतूंमार्फत तेथपर्यंत पोहोचतात. त्या ठिकाणच्या मज्जातंतूंतून आणि रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अल्प प्रमाणात सुटतो. त्याच्या प्रभावाने रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल पडतात, वाहिन्या रुंदावतात, स्तंभांत रक्त भरते आणि बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या गेल्यामुळे ते तेथेच राहते. शरीरातील या वायूच्या कार्याचा शोध लावणाऱ्या रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरीद मुराद या तीन शास्त्रज्ञांना १९९८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे ताठरतेसाठी चार गोष्टी शाबूत असाव्या लागतात : मन, मज्जातंतू, संप्रेरके आणि रक्तवाहिन्या. उच्च रक्तदाब यांपैकी शेवटच्या गोष्टीवर थेट आघात करतो. वर्षानुवर्षे वाढीव दाब सहन करून वाहिन्यांचे अस्तर खरबरीत होते, नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती घटते, भिंती जाड व ताठ होतात आणि पोकळी अरुंद होते. त्यात मधुमेह, तंबाखू किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल यांची भर पडली, तर हे नुकसान अधिक वेगाने होते. म्हणूनच रक्तदाबाच्या पुष्कळ रुग्णांत ही अडचण पहिली गोळी घेण्यापूर्वीच सुरू झालेली असते. वयाचाही भाग असतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ४० ते ७० वयाच्या पुरुषांची पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत ५२ टक्के पुरुषांनी ताठरतेची कमी-अधिक तक्रार नोंदवली होती.

या सर्वांत गोळीचा वाटा किती, हे ठरवताना म्हणूनच सावधपणे विचार करावा लागतो.

सर्पगंधेपासून आलेली ख्याती

रक्तदाबाच्या औषधांची पुरुषांत जी वाईट ख्याती आहे, ती मुख्यतः जुन्या औषधांनी मिळवलेली आहे, आणि त्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान मुंबईत लिहिले गेले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याकडील वनस्पतीचा उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर केलेला अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. तोवर रक्तदाबासाठी खात्रीचे आणि सोसवेल असे औषध जगात जवळजवळ नव्हते. त्या लेखाने पाश्चात्त्य वैद्यांचे लक्ष सर्पगंधेकडे वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्या मुळांतून रिसरपिन हे द्रव्य वेगळे केले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार देण्यात आला.

रिसरपिनने रक्तदाब उतरत असे. परंतु ते मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेली संदेशवाहक द्रव्येच रिकामी करीत असे. त्यामुळे नाक चोंदणे, सुस्ती, मन खिन्न होणे यांबरोबर कामेच्छा कमी होणे आणि ताठरता न येणे हे परिणामही दिसत. पाठोपाठ आलेली मिथिलडोपा आणि क्लोनिडिन ही औषधेही मेंदूवर काम करणारी असल्याने त्यांच्याबाबतीतही हीच तक्रार राहिली. त्या काळातील रुग्णांचा अनुभव खोटा नव्हता. मात्र आज नव्याने निदान झालेल्या रुग्णाला यांपैकी कोणतेही औषध पहिल्या पसंतीने दिले जात नाही. औषधे बदलली, पण त्यांच्याविषयीची भीती मात्र तशीच राहिली.

कोणत्या गोळीचा किती दोष?

आज वापरात असलेल्या औषधांचे ढोबळ गट समजून घेतले, तर डॉक्टरांशी बोलणे सोपे जाते. गोळीच्या पाकिटावर व्यापारी नावाखाली लहान अक्षरांत औषधाचे मूळ नाव छापलेले असते, ते पाहावे.

पहिला गट लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकणाऱ्या औषधांचा. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापामाइड ही यांतील नावे. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सौम्य उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर केलेल्या मोठ्या चाचणीत दोन वर्षांनंतर या गटातील बेंड्रोफ्लुएझाइड घेणाऱ्या २२.६ टक्के पुरुषांनी ताठरतेची तक्रार सांगितली. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १०.१ टक्के होते. हा फरक मोठा आहे. पण त्या चाचणीतील मात्रा आज प्रचलित असलेल्या मात्रेच्या चौपट होती. पुढे अमेरिकेत झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत क्लोरथॅलिडोन घेणाऱ्या पुरुषांपैकी १७.१ टक्क्यांना दोन वर्षांनंतर अडचण होती, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकी ८.१ टक्क्यांना. चार वर्षांनंतर मात्र ही प्रमाणे अनुक्रमे १८.३ आणि १६.७ टक्के झाली, म्हणजे फरक जवळजवळ उरला नाही. औषध न घेणारेही वयाने आणि आजाराने त्याच ठिकाणी येऊन पोहोचले होते.

दुसरा गट बीटा ब्लॉकर या औषधांचा. प्रोप्रॅनोलॉल, ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही त्यांतील परिचित नावे. ही औषधे हृदयाची गती आणि जोर कमी करतात. ताठरतेची तक्रार या गटातही आढळते, विशेषतः जुन्या औषधांत. याच गटातील नेबिव्होलॉल हे नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती वाढवते, त्यामुळे त्याचा त्रास कमी असल्याचे दिसून आले आहे. येथे एक इशारा आवश्यक आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा हृदय दुर्बल झालेल्या रुग्णाला बीटा ब्लॉकर केवळ रक्तदाबासाठी दिलेले नसते, ते हृदयाचे रक्षण करीत असते. ते एकाएकी थांबवल्यास छातीत कळ येणे, ठोके अनियमित होणे, प्रसंगी हृदयविकाराचा झटका येणे असे धोके संभवतात. क्लोनिडिन अचानक बंद केल्यास रक्तदाब उसळी मारून पूर्वीपेक्षाही वर जाऊ शकतो.

तिसरे औषध स्पायरोनोलॅक्टोन. ते पुरुषी संप्रेरकाच्या कार्यात अडथळा आणते, त्यामुळे कामेच्छा घटणे, ताठरता न येणे आणि छाती दुखरी होऊन वाढणे असे परिणाम काही पुरुषांत दिसतात. त्याच कामासाठी एप्लेरेनोन हे दुसरे औषध आहे. त्यात हा त्रास बराच कमी असतो.

उरलेले गट तुलनेने निरुपद्रवी आहेत. ॲम्लोडिपिनसारखी रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे, एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल, तसेच टेल्मिसार्टन, लोसार्टन, व्हल्सार्टन ही ताठरतेच्या दृष्टीने बहुतेकांना सोसतात. व्हल्सार्टनसारख्या औषधांनी काही अभ्यासांत स्थिती किंचित सुधारल्याचेही आढळले आहे. मात्र टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल यांवरील एका मोठ्या चाचणीत लाभही दिसला नाही आणि हानीही दिसली नाही. त्यामुळे टेल्मिसार्टन घेतल्याने पुरुषत्व परत येते अशी आशा धरू नये आणि ते जाते अशी भीतीही बाळगू नये. २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन या तीन औषधांवर मुख्य भर आहे. त्यांतील पहिली दोन या निरुपद्रवी गटातीलच आहेत.

संशयाची सुई फिरवताना ज्येष्ठांनी इतर गोळ्याही तपासाव्यात. प्रोस्टेट ग्रंथीसाठी दिलेल्या टॅम्सुलोसिन किंवा सिलोडोसिनमुळे वीर्य बाहेर न पडणे किंवा अगदी कमी पडणे हा अनुभव येतो. फिनास्टेराइडने इच्छा कमी होऊ शकते. नैराश्यावरील अनेक गोळ्यांनी इच्छा आणि तृप्ती दोन्ही मंदावतात. यांचा दोष रक्तदाबाच्या गोळीवर जाण्याचे प्रसंग थोडे नाहीत.

भीतीचा वाटा

गोळी पोटात जाते, पण तिच्याविषयी ऐकलेले मनात जाते आणि तेही परिणाम करते. २००३ मध्ये इटलीतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या बाबतीत बोलका आहे. हृदयविकाराचे नव्याने निदान झालेल्या आणि आधी ताठरतेची तक्रार नसलेल्या ९६ पुरुषांना ॲटेनोलॉल देण्यात आले. त्यांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला आपण कोणते औषध घेतो हे सांगितले नव्हते. दुसऱ्या गटाला औषधाचे नाव सांगितले, दुष्परिणाम सांगितला नाही. तिसऱ्या गटाला नावही सांगितले आणि ताठरतेवर परिणाम होऊ शकतो हेही सांगितले. तीन महिन्यांनंतर पहिल्या गटातील ३.१ टक्के, दुसऱ्यातील १५.६ टक्के आणि तिसऱ्यातील ३१.२ टक्के पुरुषांनी अडचण सांगितली. औषध तेच, मात्रा तीच. वाढली ती फक्त माहिती आणि तिच्या सोबतीने आलेली धास्ती.

याचा अर्थ हे पुरुष खोटे बोलत होते असा नाही. त्यांची अडचण खरीच होती. चिंतेच्या वेळी शरीर सावध होते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ताठरतेसाठी लागणारी शिथिलता येत नाही. एकदा अपयश आले, की पुढच्या वेळी त्याचीच आठवण आधी येते. कारखान्यातील मित्राने जेवणाच्या सुट्टीत सांगितलेली हकिकत किंवा मोबाइलवर आलेला संदेश अशा रीतीने प्रत्यक्ष दुखणे होऊन बसतो. मग हे सारे वाचकांना सांगावे तरी कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की अर्धवट ऐकीव माहितीने जी भीती निर्माण होते, ती पूर्ण माहितीने कमी होते. आजच्या बहुतेक गोळ्या या दृष्टीने सोसतात आणि न सोसणारी बदलता येते, ही ती पूर्ण माहिती होय.

हृदयाची पूर्वसूचना

या तक्रारीकडे दुर्लक्ष न करण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते सुखाचे नसून प्राणाचे आहे. इंद्रियाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अवघ्या एक ते दोन मिलिमीटर रुंदीच्या असतात. हृदयाच्या धमन्या तीन ते चार मिलिमीटरच्या. चरबीचा थर दोन्हीकडे सारखाच साचू लागला, तरी लहान वाहिनीत अडथळा आधी जाणवतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतीलच दुसऱ्या एका अभ्यासात छातीत तीव्र कळ येऊन दाखल झालेल्या आणि हृदयधमन्यांत अडथळा आढळलेल्या ३०० रुग्णांची विचारपूस करण्यात आली. त्यांपैकी ४९ टक्के पुरुषांना ताठरतेची अडचण होती आणि अशा पुरुषांपैकी ६७ टक्क्यांच्या बाबतीत ती छातीच्या दुखण्याआधीच सुरू झाली होती. दोहोंत सरासरी ३८.८ महिन्यांचे, म्हणजे तीन वर्षांहून अधिक अंतर होते.

तीन वर्षे हा मोठा अवधी आहे. तेवढ्या काळात साखर, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंड आणि हृदय यांची तपासणी होऊ शकते, तंबाखू सोडता येते, औषधे नीट लावता येतात. ज्याने गप्प राहून गोळी सोडली, तो हा अवधी तर गमावतोच, शिवाय आजाराला मोकळे रान देतो.

डॉक्टरांपुढे बोलावे कसे?

पुष्कळांना शब्दच सापडत नाहीत. शुद्ध वैद्यकीय शब्दाची गरज नाही. ‘डॉक्टर, ही गोळी सुरू झाल्यापासून संबंधांत अडचण येते आहे,’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे. तेही जड वाटत असेल, तर चिठ्ठीवर लिहून तपासणीच्या वेळी पुढे करावे. डॉक्टरांना त्यानंतर पुढील गोष्टी जाणून घ्यायच्या असतात, त्यांची उत्तरे आधीच मनाशी जुळवून ठेवावीत.

अडचण कधी सुरू झाली : गोळीच्या आधी, लगेच नंतर की वर्षा-दोन वर्षांनी? ती हळूहळू वाढली की एकाएकी आली? पहाटे झोपेत किंवा जागे होताना ताठरता येते का? येत असेल, तर मज्जातंतू व रक्तवाहिन्या बऱ्यापैकी शाबूत आहेत आणि मनाचा किंवा परिस्थितीचा भाग अधिक आहे, असा अंदाज बांधता येतो. इच्छा कमी झाली आहे की इच्छा असून शरीर साथ देत नाही? झोप कशी आहे? ज्यांनी आयुष्यभर रात्रपाळी केली त्यांची झोप निवृत्तीनंतरही विस्कळीत असू शकते. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे हे रक्तदाब वाढवते आणि ताठरताही बिघडवते. तंबाखू, मिश्री, दारू यांचे प्रमाण खरे सांगावे. आयुर्वेदिक किंवा घरगुती औषधे घेत असल्यास तीही सांगावीत. ज्येष्ठमध दीर्घकाळ भरपूर घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो. घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत.

यानंतर डॉक्टर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि गरजेनुसार सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाची तपासणी करतील. गोळीचा संशय रास्त वाटला, तर मात्रा कमी करता येते किंवा एका गटाऐवजी दुसऱ्या गटातील औषध देता येते. बदल झाल्यावर परिणाम दिसण्यास काही आठवडे द्यावेत आणि त्या काळात रक्तदाब मोजत राहावे. जुनी गोळी थांबवून नवी घेण्याचा क्रम डॉक्टरांनी ठरवायचा, आपण नव्हे. रोज भरभर चालणे, वजन आणि मीठ कमी करणे, तंबाखू सोडणे हे उपाय रक्तदाब आणि ताठरता या दोहोंच्या उपयोगाचे आहेत.

ही तपासणी फार खर्चिक असावी लागत नाही. पिंपरीत संत तुकारामनगर येथे महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. चिंचवडच्या मोहननगरमध्ये कर्मचारी राज्य विमा रुग्णालय आहे. किमान पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व पत्नीसाठी कर्मचारी राज्य विम्याची वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. अनेकांना हे ठाऊक नसते. वर सांगितलेली बहुतेक औषधे जनऔषधी केंद्रांत मूळ नावाने स्वस्त मिळतात.

ताठरतेची गोळी घ्यावी का?

सिल्डेनाफिल हे औषध मुळात हृदयाच्या दुखण्यासाठी तपासले जात होते. त्याचा दुसराच परिणाम ध्यानात आला आणि १९९८ मध्ये अमेरिकेत ते ताठरतेसाठी मान्य झाले. नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम ते अधिक काळ टिकवते. रक्तदाब आटोक्यात असलेल्या अनेक ज्येष्ठांना ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. साधारण कसोटी अशी, की वीस मिनिटे भरभर चालून दोन मजले जिना चढताना छातीत दुखत नसेल आणि फार धाप लागत नसेल, तर शरीरसंबंधाचे श्रम बहुधा हृदयाला पेलतात. निर्णय मात्र डॉक्टरांचाच.

येथे एक नियम कोणत्याही परिस्थितीत मोडता कामा नये. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा हृदयासाठी रोज घ्यायची कोणतीही नायट्रेटची गोळी ज्यांना सुरू आहे, त्यांनी सिल्डेनाफिल, टॅडालाफिल किंवा त्या जातीचे औषध घेऊ नये. दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब धोकादायक रीतीने कोसळतो. याचीच दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. ताठरतेची गोळी घेतलेल्या माणसाच्या छातीत दुखू लागले आणि घरच्यांनी घाईने सॉर्बिट्रेट दिली, तर तीच जिवावर बेतू शकते. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देऊ नये. अशा वेळी रुग्णाने संकोच सोडून घेतलेल्या गोळीचे नाव सांगितलेच पाहिजे. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखे औषध चालू असणाऱ्यांनीही डॉक्टरांना आधी सांगावे, कारण दोहोंमुळे उभे राहताना चक्कर येऊन पडण्याची भीती असते.

रस्त्यावरच्या तंबूत किंवा जाहिरातीतून मिळणाऱ्या ‘शक्तिवर्धक’ पुड्यांबाबत तर विशेष सावधगिरी हवी. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पदार्थांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेले असल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला वारंवार आढळले आहे. हृदयरुग्णाला अशी पुडी म्हणजे झाकलेला विस्तव.

घरातील माणसांसाठी

मराठीत या विषयावर मोकळेपणाने बोलण्याची वाट फार पूर्वी दाखवली गेली आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरे दिल्याबद्दल त्यांच्यावर १९३४ मध्ये खटला झाला आणि त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. पुढे ज्या केईएम रुग्णालयातून डॉ. वकील यांचा अभ्यास बाहेर पडला, तेथेच डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला. हा विषय विज्ञानाचा आहे, चावटपणाचा नाही, हे सांगून झाल्याला आता नव्वद वर्षे होऊन गेली आहेत.

पत्नीची बाजू बहुधा कोणी विचारातच घेत नाही. पती एकाएकी दूर राहू लागला, चिडचिडा झाला, वेगळ्या खोलीत झोपू लागला, की आपलेच काही चुकले किंवा आपण आता नकोशा झालो, असे तिला वाटू शकते. ‘अहो, काय झाले ते मला सांगा, आपण दोघे मिळून डॉक्टरांकडे जाऊ,’ एवढे शब्द पुष्कळदा गाठ सोडवतात. पतीनेही गोळीचा त्रास असल्यास तिला सांगावा. अबोल्यापेक्षा कारण कळणे तिला सोपे असते. साठी-सत्तरीनंतर जवळीक म्हणजे केवळ संभोग नव्हे. हातात हात घेणे, शेजारी बसून बोलणे, एकत्र फिरायला जाणे हीही जवळीकच आहे, आणि तिच्यात ताठरतेची परीक्षा नसल्याने तिने धास्ती कमी होते. ज्यांना या वयात शरीरसंबंध नको असेल, त्यांचा तो निर्णयही तितकाच आदरणीय आहे.

मुलांनी आणि सुनांनी वडिलांना या बाबतीत प्रश्न विचारण्याची गरज नाही, आणि विचारलेले त्यांना रुचणारही नाही. त्यांचे काम वेगळे आहे. महिनाअखेर पाकिटात गोळ्या जास्त उरल्या, तर रागावू नये. ‘बाबा, गोळ्या उरल्या आहेत. काही त्रास होत असेल तर डॉक्टर बदलून देतील, आपण बंद करायला नको,’ असे म्हणावे आणि विषय तेथेच सोडावा. तपासणीला त्यांच्यासोबत अवश्य जावे, रक्तदाबाची वही आणि गोळ्यांची पिशवी न्यावी, चढ-उतारांची हकिकत सांगावी. आणि सगळे सांगून झाले, की आपण होऊन पाच मिनिटे बाहेर बाकावर येऊन बसावे. पन्नास वर्षे संसार केलेल्या माणसाला सुनेसमोर किंवा मुलीसमोर जे सांगता येत नाही, ते त्या पाच मिनिटांत सांगता येते.